दोन्ही टोकांना विचारलं का?

आमच्या कारखान्यात वजनकाटे बनतात. दुकानाच्या गल्ल्याशेजारी मावेल एवढ्या काट्यापासून ते भरलेला ट्रक जसाच्या तसा उभा करता येईल अशा काट्यापर्यंत सगळे. इथल्या कोणालाही विचारा, तो काय करतो ते एका वाक्यात सांगेल. कोणी स्प्रिंग बसवतो, कोणी काटा शून्यावर आणतो, कोणी फोनवर गिऱ्हाइकांची बोलणी खातो. फक्त आमच्या सरांना विचारलं, तर ते खिशातून पेन्सिल काढतात आणि म्हणतात, "बसा. कागद आहे का?"

सर कंपनीचं चित्र काढतात. घर बांधताना जसा आधी आराखडा करतात, तसा चालू कंपनीचा आराखडा. कोणतं काम कोण करतं, त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर लागतं, ते सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रावर चालतं, हे सगळं एका चित्रात. त्यासाठी खुणांची एक ठरलेली भाषा आहे. माणसं आणि त्यांची कामं पिवळ्या चौकोनात, सॉफ्टवेअर निळ्या, यंत्रं हिरव्या. चौकोनांपेक्षा बाण महत्त्वाचे. टोक भरीव असेल, तर एक काम झालं की दुसरं सुरू होतं. टोक उघडं असेल, तर एक जण दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, आणि बाण ज्याच्या उपयोगी पडायचं त्याच्याकडे जातो. रेघ तुटक असेल, तर काहीतरी इकडून तिकडे पोचतं. ही भाषा जाणणारा माणूस जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात असला, तरी त्याला आमच्या कंपनीचं चित्र वाचता येईल, असं सर अभिमानाने सांगतात. आमच्या कंपनीत मात्र ते वाचता येणारी माणसं दोनच. सर आणि मी.

मी इंजिनिअर होऊन सरांच्या विभागात लागले, म्हणजे विभाग एकाचा दोघांचा झाला. सर किरकोळ अंगाचे, चालताना थोडे पुढे झुकलेले. त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, त्यामुळे त्यांच्याकडे जवळचा आणि लांबचा असे दोन उत्तम चष्मे आहेत. एक नाकावर, एक कपाळावर. नाकावर नेहमी चुकीचा असतो. पाठीमागे सगळे त्यांना बाणकाका म्हणतात. सरांना ते माहीत आहे आणि त्यांना आवडतं. फक्त एकदा ते म्हणाले होते, "कोणता बाण, हे स्पष्ट करायला हवं होतं."

माझ्या पहिल्याच आठवड्यात ते जिन्यापाशी थबकले. भिंतीवर स्वच्छतागृहाची पाटी होती आणि तिच्यावर बाण.

"हा बाण चुकलाय," सर म्हणाले.

"नाही सर, तिकडेच आहे. मी आत्ताच जाऊन आले."

"टोक बघा. उघडं आहे. उघडं टोक म्हणजे उपयोगी पडणं. आता आपण स्वच्छतागृहाच्या उपयोगी पडतो, की स्वच्छतागृह आपल्या?"

मी विचार केला. "ते आपल्या."

"मग बाण तिकडून इकडे हवा!"

त्यांनी तो खरंच उलटा करून घेतला. पुढचे काही दिवस पाहुणे आमच्या खोलीत येऊन अवघडून उभे राहायचे.

सरांचा एक नियम मात्र भाषेच्या पुस्तकात नाही. तो त्यांचा स्वतःचा आहे. बाण आधी पेन्सिलीने काढायचा. मग दोन्ही टोकांच्या माणसांकडे जाऊन विचारायचं की हे खरं आहे का. दोघं हो म्हणाले की मगच तो कॉम्प्युटरवर चढवायचा. मी उत्साहाच्या भरात काही काढून नेलं की ते चित्र न बघताच विचारायचे, "दोन्ही टोकांना विचारलं का?"

या विचारण्यात काय काय निघायचं! स्टोअरवाले साहेब एकदा चित्राची गुंडाळी काखेत मारून तावातावाने आले.

"हा बाण माझ्याकडून विक्रीकडे का जातोय? मी जातो का त्यांच्याकडे? ते येतात माझ्याकडे, तोंड वेंगाडत!"

"साहेब, तुम्ही त्यांच्या उपयोगी पडता, असा अर्थ आहे."

"मी? त्यांच्या?" स्टोअरवाल्यांना हे जास्तच लागलं. "काढून टाका. मी कोणाच्या उपयोगी पडत नाही. लिहून घ्या."

सरांनी शांतपणे विचारलं, "मग सुटे भाग कोणासाठी ठेवता?"

स्टोअरवाल्यांनी गुंडाळी परत काखेत मारली. मग म्हणाले, "राहू दे तो बाण. पण जरा बारीक काढा."

आणि शुक्रवारी दुपारी अनाथ काढायचे. ज्या चौकोनाला एकही बाण येत नाही की जात नाही, त्याला आमचं सॉफ्टवेअर लाल कडा देतं. त्याला सर अनाथ म्हणतात. बंद पडलेलं सॉफ्टवेअर, कोणी न वाचणारा अहवाल, असलं काय काय सापडायचं. सर त्याच्यावर बोट ठेवून क्षणभर थांबायचे आणि पुसून टाकायचे. "चित्रात नाही ते कंपनीत नाही," ते हात झटकत म्हणायचे. हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. या वाक्याने पुढे आमचाच गळा धरला.

झालं असं की कंपनीत नव्या मोठ्या मॅडम आल्या. कामाची नव्याने मांडणी करायची, नको ते विभाग बंद करायचे, हे काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी सगळ्यांना बैठकीला बोलावलं आणि भिंतीवर काय लावलेलं असावं? सरांचं चित्र! मी सरांकडे बघितलं. इतकी वर्षं ज्या चित्राकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, ते आज भिंतभर. सरांनी आनंदाने दोन्ही चष्मे एकदम नाकावर घेतले.

"हे चित्र बरोबर आहे?" मॅडमनी विचारलं.

"एकेक बाण विचारून काढलाय, मॅडम," सर उभे राहून म्हणाले. "डोळे मिटून विश्वास ठेवा. चित्रात नाही ते कंपनीत नाही. बिनधास्त कात्री चालवा."

"छान." मॅडम भिंतीजवळ गेल्या, वरपासून खालपर्यंत बघून आल्या. "मग तुमचा विभाग कुठे आहे यात?"

सर चित्राजवळ गेले. चष्मा बदलला. परत बघितलं. मीही शोधत होते, जणू कुठेतरी खालच्या कोपऱ्यात आम्ही दोघं लपून बसलेलो असू. स्टोअरवाले होते. विक्री होती. दाराशी गाड्यांची नोंद करणारं खोकंसुद्धा होतं, हिरव्या रंगात. आम्ही नव्हतो.

"काढायचं राहिलं," सर म्हणाले.

"सोमवारी काढून आणा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "तुमचाच नियम आहे, मी फक्त लावणार. तुम्ही कोणाच्या उपयोगी पडता ते दिसलं तर विभाग राहील. नाही दिसलं, तर तुम्हा दोघांना खरेदी विभागात जागा आहे. आणि बाण खरा पाहिजे हं. मी दोन्ही टोकांना विचारणार."

खरेदी विभाग म्हणजे तळघर. तिथे खिडकी नाही, आणि तिथल्या साहेबांना शिंका येतात.

खोलीत परतल्यावर सरांनी कॉम्प्युटरवर एक छोटा पिवळा चौकोन काढला आणि त्यात आमच्या विभागाचं नाव लिहिलं. सॉफ्टवेअरने क्षणाचाही विलंब न लावता त्याला लाल कड दिली. सर त्या लाल कडेकडे बघत बसले.

"आज शुक्रवार," ते म्हणाले.

"सर, असं काय बोलता! सगळ्यांकडे एकेक बाण काढूया. सगळ्यांसाठीच तर काढतो ना चित्र?"

"काढतो. पण ते घेतात का? उपयोगी पडणं एकट्याने होत नाही." त्यांनी पेन्सिल उचलली. "चला. विचारून येऊ."

आधी स्टोअरवाले. सरांनी अगदी नेहमीच्या पद्धतीने विचारलं, "आमच्या विभागाकडून तुम्हाला काय मिळतं?"

"त्रास," स्टोअरवाले म्हणाले. मग सरांचा चेहरा बघून वरमले. "म्हणजे तसं चांगलं वाटतं तुम्ही आलात की. पण मिळतं काय म्हणाल, तर... बसा ना, पाणी घ्या."

विक्रीवाल्यांनी आमचं चित्र तोंडभरून नावाजलं. ते कुठे आहे हे मात्र एकालाही सांगता आलं नाही. काटे तपासायच्या विभागात ते लगेच दिसलं. तपासणीच्या नाजूक यंत्रावर धूळ बसू नये म्हणून झाकायला घेतलं होतं, मापात कापून, कडांना चिकटपट्टी लावून.

मी लगेच म्हटलं, "सर! हे वापरतात! बाण काढा!"

तपासणीस कौतुकाने म्हणाला, "कागद एक नंबर आहे, साहेब. धुळीचा कणसुद्धा आत जात नाही."

सरांनी पेन्सिल टेकवली. मला वाटलं काढतात. पण त्यांनी ती परत खिशात ठेवली. "ती कागदाची सेवा झाली, आपली नाही. कोरा कागद असता तरी चाललं असतं."

"कोरा बरा पडला असता," तपासणीस म्हणाला. "याची शाई हाताला लागते."

रविवारी मी सरांच्या घरी गेले. म्हटलं, दोघांनी बसून काहीतरी मार्ग काढू. दार काकूंनी उघडलं, म्हणजे सरांच्या बायकोने.

"ये गं. तुझे सर बसलेत चौकोनाकडे बघत. कालपासून तो एक चौकोन आणि हे एक. मध्ये मी चहाचे कप बदलतेय."

स्वयंपाकघरातल्या बेसिनचा नळ टपटपत होता. फ्रिजवर घराचं चित्र होतं, तेही याच भाषेत. काकूंच्या पिवळ्या चौकोनातून इतके बाण निघत होते की तो साळिंदरासारखा दिसत होता. पाणी, दूध, इस्त्री, औषधं, सगळीकडे. गळका नळही होता, सुबक हिरव्या चौकोनात, आणि त्यातून भांड्यापर्यंत तुटक रेघ. पाणी इकडून तिकडे पोचतं म्हणून.

"नळ दुरुस्त करा म्हटलं, तर यांनी नळ काढला," काकू म्हणाल्या.

"अगं, आधी समजून घ्यायला नको का? मुळात तो काय—"

"तो गळतो. समजलं?"

मी चित्र जवळून बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तुम्ही इथेही नाही आहात."

काकू हात पुसत आल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग त्यांना जे हसू लोटलं, ते आवरेना. "अहो! मांजरीला बाण आहे! तिच्याकडे चार बाजूंनी बाण जातायत, आणि तुम्ही नाही?"

"मांजर कोणाच्या उपयोगी पडत नसली, तरी तिला सेवा मिळते," सर दुखावल्या आवाजात म्हणाले. "म्हणून ती अनाथ नाही."

"बघ बाई, मांजर अनाथ नाही. तेवढं एक बरं झालं." काकूंनी डोळे टिपले आणि खुर्ची ओढून बसल्या. "आता सांगा, परवा कोणाकोणाला विचारलंत?"

सरांनी सांगितलं. स्टोअर, विक्री, तपासणी.

"त्यांचं सगळं सुरळीत चाललेलं असताना विचारलंत?"

"मग कधी विचारायचं?"

"अहो, माझ्या दुकानात कोण येतं? ज्याला दिसेनासं झालं तो. रस्त्यावर उभी राहून मी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं की माझा काय उपयोग, तर प्रत्येक जण म्हणेल काही नाही. तुमच्या कंपनीत काही बंद पडलं की पहिल्यांदा कोणाच्या डोळ्यांसमोर अंधार होतो? त्याला विचारा. आणि हा चष्मा लांबचा आहे, काढा आधी."

सरांनी चष्मा बदलला. मी आणि ते एकदमच म्हणालो, "तक्रार विभाग!"

इतके दिवस तिथे गेलोच नव्हतो असं नाही. त्यांच्या कामाचे बाण काढताना सर तिथे दोन खेपा घालून आले होते. पण तिथे फोन इतके वाजतात की सरांनी विचारायचं, तिथल्या ताईंनी मान हलवायची आणि दुसरा फोन उचलायचा, एवढंच झालं होतं.

सोमवारी बैठकीच्या आधीच आम्ही तिथे जाऊन उभे राहिलो. तक्रारवाल्या ताई एका हातात फोन, दुसऱ्या हाताचं बोट टेबलाच्या काचेवर. "हो दादा, काटा शून्यावर येत नाही ना? हो, कळतंय. तुमचा माल खोळंबलाय. थांबा हं." बोट काचेवरून सरकत होतं. "हे बिघडलं म्हणजे... इथून... हां. तुम्हाला तपासणीतून फोन येईल. नाही, विक्रीला करू नका, त्यांच्या हातात नाही ते."

सर वाकले. काचेखाली आमच्या चित्राचा तुकडा होता. कात्रीने कापलेला, चहाचे डाग पडलेला, आणि बोट फिरून फिरून काच जिथे धूसर झाली होती तिथे बरोबर बाण होता.

"हे तुम्हाला कोणी दिलं?" सरांनी विचारलं.

"दिलं कोणी नाही. स्टोअरवाल्यांनी बाहेर टाकलं होतं, मी उचललं. का हो, परत हवंय? नाही देणार मी. आधी गिऱ्हाइकाला नऊ जणांकडे फिरवायचो आम्ही. आता बोट ठेवलं की कळतं कुठे अडलं ते."

"मीच काढलंय ते."

ताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "हे काढावं लागतं? मला वाटलं, कंपनीबरोबरच आलं असेल."

सरांनी सोबत आणलेलं चित्र उघडलं. खिशातून पेन्सिल काढली, आमच्या चौकोनापासून ताईंच्या विभागापर्यंत एक रेघ ओढली, उघडं टोक काढलं. मग रीतसर विचारलं, "आमचा विभाग तुमच्या उपयोगी पडतो, हे खरं आहे का?"

"खरं आहे की!"

सरांनी मान डोलावली आणि तेवढ्यात त्यांची नजर काचेखाली परत गेली. "पण हे काय आहे?"

प्रत्येक चौकोनाशेजारी ताईंनी बॉलपेनने एक चेहरा काढला होता. काही हसरे, काही भुवया चढवलेले. स्टोअरच्या चेहऱ्याचं तोंड वाकडं होतं.

"कोणाशी कसं बोलायचं ते कळायला. वाकडं तोंड म्हणजे आधी गोड बोलायचं, मग काम सांगायचं."

"ताई, या भाषेत चेहऱ्याला जागा नाही. आणि इथे तुम्ही टोक भरीव केलंय, त्याने अर्थ बदलतो—"

"सर, बैठक," मी त्यांना ओढत नेलं. ताई मागून हसत होत्या.

मॅडमनी चित्र बघितलं. भलीमोठी भिंत आणि तिच्या कोपऱ्यात आमचा चौकोन, एका बाणाचा.

"एवढाच?"

"एवढाच खरा आहे," सर म्हणाले. मला वाटलं होतं, अगदी शेवटच्या क्षणी ते आणखी एकदोन काढतील. नाही काढले.

मॅडमनी तिथल्या तिथे फोन फिरवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. "हे चित्रवाले साहेब तुमच्या उपयोगी पडतात म्हणे?"

"साहेब नाही हो मॅडम, त्यांचा कागद," ताईंचा आवाज खोलीभर झाला. "साहेब आजच आले आणि टोकावरून भांडून गेले. पण कागद काढून घेऊ नका, मी नोकरी सोडेन."

स्टोअरवाले खोकल्याच्या आडून हसले. मॅडमही हसल्या असाव्यात, कारण त्यांनी बराच वेळ चित्राकडे तोंड करून ठेवलं होतं.

"विभाग राहील," त्या वळून म्हणाल्या. "पण तुमच्याच चित्रात तुमचा बाण एका ठिकाणी जातो आणि तुमचं टेबल भलतीकडे आहे. टेबल तिकडे न्या. जिथे वापरतात तिथे बसून काढा. आणि ज्यांना हे कामाचं आहे असं तुम्हाला वाटतं, त्यांना ते वाचता येऊ दे. मग बाण वाढवा."

आमची खिडकी गेली, पण तळघर टळलं. आता आम्ही तक्रार विभागात बसतो. दोन्ही बाजूंना फोन. पहिल्याच दिवशी ताई जागेवर नव्हत्या, फोन वाजत राहिला, आणि सरांना तो उचलावा लागला. पलीकडे एक भंगारवाला होता, ट्रकचा काटा अडकलेला.

"एक सांगा," सर म्हणाले, "तुमचं काम थांबलंय, की काम चालू आहे पण आकडा पोचत नाही? कारण पहिल्यात भरीव टोक आणि दुसऱ्यात तुटक रेघ."

पलीकडून जे ऐकू आलं ते मी लिहीत नाही. सरांनी ते सगळं ऐकून घेतलं, बोट काचेवर ठेवलं आणि योग्य माणसाकडे फोन दिला. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "याच्यासाठी कोणती खूण वापरतात?"

ताईंनी परत आल्यावर काचेखालच्या तुकड्यात बॉलपेनने आमचाही चौकोन काढला आणि शेजारी एक चेहरा. कपाळावर चष्मा, नाकावर चष्मा, तोंड उघडं. सर वाकून बराच वेळ बघत होते. मी वाट बघत होते, आता भाषेचा नियम निघणार. "दुसरा चष्मा जरा तिरका आलाय," एवढंच म्हणाले.

परवा मी त्यांच्या घरी गेले होते. फ्रिजवरच्या चित्रात साळिंदराशेजारी एक छोटा पिवळा चौकोन आला होता. त्यातून काकूंकडे एक बाण. पेन्सिलीचा.

"काकू, अजून पेन्सिलच? तुम्ही हो म्हणाला नाहीत?"

"विचारलं त्यांनी. मी म्हटलं, आधी नळ."

आतून पाना पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ पाण्याची जोरदार धार, आणि सरांची हाक, "अगं, मुख्य नळ कुठून बंद होतो?"

काकू जागच्या हलल्या नाहीत. "चित्रात बघा!" त्या ओरडल्या.